सरकारांचा चेहरा

—आणि आता बोलायचं नाही. ओठ नुसते मिटलेले ठेव, आवळू नकोस. आवळलेस की जबडा दगडासारखा उमटतो आणि प्रेक्षकांना वाटतं, महाराजांच्या पोटात दुखतंय. हसूही नकोस. नाकातल्या नळ्यांमधून सावकाश श्वास घे, डोळे मिटलेले, भुवया स्वस्थ—भुवयांना व्हॅसलीन भरपूर चोपडलंय, साच्याबरोबर उपटून येणार नाहीत. सगळं ठीक असलं की उजव्या हाताचं एक बोट वर करायचं. जीव घाबरला तर सगळा पंजा, मी लगेच काढीन. कळलं का? बोट कुठंय? —हां, शाबास. आता या ओल्या पट्ट्या घट्ट होईपर्यंत तू माझ्या ताब्यात. भलेभले नट या खुर्चीत मुके झालेत. तुझे गुरूसुद्धा. त्या माणसाला आयुष्यात मी गप्प केलं ते एवढ्या एकाच वेळी—म्हणजे, तोवर तरी एकाच वेळी. थांब, कपाळावर आणखी एक पट्टी लागेल. तुझं कपाळ मोठं आहे रे. ह्यांचं लहान होतं, मुकुटाखाली झाकून जायचं म्हणून निभावलं.

गार लागतंय ना? जरा वेळाने ऊब येईल. प्लास्टर घट्ट होताना आपलं आपणच तापतं, त्याला कुणी तापवावं लागत नाही—तुझ्या गुरूंच्या घराण्यातलंच म्हण ना. तर, व्यवस्थापक सांगत होते की तुझं नाटक तोंडपाठ झालंय. चांगलं आहे. पण नाटक पाठ असणं वेगळं आणि गोष्ट ठाऊक असणं वेगळं. मामंजींनी नाटक लिहिलं ते एका गोष्टीवरून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते गावोगाव फिरून गोष्टी ऐकत, आणि नवी सून शिकलेली, अक्षर बरं, म्हणून मी त्यांच्या मागोमाग लिहून घ्यायला. ही एकच गोष्ट आम्ही किती तोंडांतून ऐकली असेल. एक राजा असतो. त्याचं सगळं जिंकून झालेलं असतं, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की जिंकलेलं काही राहत नाही. तो शिल्पकाराला बोलावतो, म्हणतो, मी गेलो तरी मी राहिलो पाहिजे, असा माझा पुतळा घडव. शिल्पकार घडवत बसतो. पुतळा उभा राहतो तोवर राजा म्हातारा झालेला. लोक आपल्यापुढे वाकताहेत हे एकदा डोळे भरून बघावं म्हणून तो साध्या कपड्यांत चौकात जातो, तर लोक त्याला म्हणतात—तुला काय सांगायचं, ते वाक्य आजवर तुझंच होतं—'बाजूला हो म्हाताऱ्या, महाराज दिसत नाहीत.' इथपर्यंत सांगणारे सगळे एकमुखाने सांगतात. शेवट मात्र ज्याचा त्याचा वेगळा. दरबारी गाणाऱ्यांच्या गोष्टीत पुतळा खाली उतरतो आणि राजापुढे वाकतो. त्यांचं पोट राजावर होतं, तेव्हा ते साहजिकच. दगडफोड्यांच्या गोष्टीत राजा त्यांचाच हातोडा मागून घेतो आणि पुतळ्याचं तोंड फोडतो. मामंजींनी हा शेवट उचलला. नाटकाला आवाज लागतो, म्हणाले.

प्रयोगात तो हातोडा नुसता उगारायचा असतो. दिवे जातात, विंगेत मी विटेवर वीट आपटते, दिवे येतात, मग पडदा. खरा चेहरा फुटतो तो आजच्यासारख्या दिवशी, राजा बदलला की. नव्याने जुन्याच्या हातात हातोडा द्यायचा, जुन्याने आपलं तोंड आपण फोडायचं, चुरा पुतळ्याच्या चौथऱ्यात भरायचा. नव्याने आपण होऊन हातोडा दिला नाही, तर जुन्याला फोडता येत नाही, हेही त्यातलंच. आपल्या मंडळीतले लोक डोळे मोठे करून सांगतात की यात फार खोल अर्थ दडलाय. अरे, पहिल्या वेळी मी इथंच उभी होते. पुतळ्यावर नव्या नटाचा चेहरा बसवायचा होता आणि जुना काही केल्या निघेना, कुणीतरी चिकटवताना हात सैल सोडला होता. तासभर खटपट झाल्यावर मामंजी वैतागून म्हणाले, ज्याचं थोबाड त्यानेच फोडावं. एवढाच काय तो अर्थ. पुढच्या वेळी कुणी फुलं आणली, त्याच्या पुढच्या वेळी छायाचित्रकार आला, आणि मग ते 'असंच असतं' झालं. बहुतेक प्रथांच्या मुळाशी पाहिलंस तर असंच काही निघेल—कुणाचा तरी वैताग, आणि त्याला नमस्कार करणारी पुढची पिढी. म्हणून म्हणते, मोडली तर आकाश कोसळत नाही.

ऊब यायला लागली का? बोट. —छान. हालू नकोस, आता गाल धरतोय.

तर माझं एक काम आहे तुझ्याकडे. आज दुपारी सगळे जमतील, व्यवस्थापकांनी चार पत्रकारही बोलावलेत, आणि तुझ्या हातात हातोडा देतील. तू तो पुढे करू नकोस. एवढंच. 'सरकारांचा चेहरा माझ्या हाताने फोडायला देणार नाही,' असं म्हण—मंडळीत ह्यांना सरकारच म्हणता ना सगळे—तुला शोभेल, टाळ्याही पडतील. मी तो हलक्या हाताने सोडवून घेईन. सोडवता येतो, या खेपेला मी चिकटवलेलाच तसा आहे. आणि वर घरी नेऊन ठेवीन. कोपऱ्यात कापडाखाली आहे तो, आत येताना पाहिलास ना? दुसरी प्रत नाही रे त्याची. साचा फोडल्याशिवाय आतला चेहरा बाहेर निघत नाही, म्हणून माणूस एका साच्यातून एकदाच मिळतो. मला नकोय तो. मला काय करायचंय, माझा उभा जन्म प्लास्टरच्या धुळीत गेला. ह्यांच्यासाठी हवाय. तुला ठाऊक नसेल, तू आला नाहीस तेव्हापासून—बोलून दाखवत नाही, नुसतं सांगते—ह्यांना आरशातला माणूस ओळखू येत नाही आता. अर्धं तोंड खाली आलंय, डावा डोळा एक सांगतो, उजवा दुसरंच. आरशापुढे नेलं की मान फिरवतात. शेवटी मी आरसाच काढून टाकला. पण हा चेहरा ओळखतात. रोज दुपारी खाली येतात, तू बसलायस त्याच खुर्चीत बसतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. मग कुठे त्यांना स्वस्थ वाटतं. आता एवढं एक ज्याच्याजवळ उरलंय, त्याच्याच हातून ते फोडून घ्यायचं का, तू सांग.

नाही, आत्ता नको. आत्ता बोट नको. विचार करून सांग.

तू का येत नव्हतास ते मला ठाऊक आहे. त्यांनाही असावं. तुझ्या मनात त्या प्रयोगाचं आहे. अरे, 'बाजूला हो' म्हणत ढकलायचंच होतं. तालमीत त्यांनीच तुला शिकवलं होतं की खरं ढकल, नाटकी ढकललेलं माझ्या खांद्याला कळतं. तू ढकललंस म्हणून काही झालं नाही. डॉक्टरांनी मला बसवून समजावलं, ते म्हणाले, अर्धांगवायूची सुरुवात सकाळीच झाली असणार, हा माणूस त्या अंगानिशी तीन अंक उभा राहिला हेच नवल. हातोडा उगारताना हातातून सुटला, दिवे गेले, मी आपली वीट आपटली. आणि दिवे आले तर हे गुडघ्यावर, एका बाजूचा ओठ खाली ओघळलेला, आणि नजर वर पुतळ्याकडे. कुणाला काय कळणार? सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मीच विंगेत मनाशी म्हटलं, आज ह्यांना काहीतरी सापडलं. म्हातारपणाचा असा चेहरा त्यांनी कधी लावलाच नव्हता. प्रेक्षक उभे असले की आपल्याकडे पडदा पाडत नाहीत, तर पडदेवाल्यानेही पाडला नाही, हात जोडून उभा राहिला बिचारा. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणूस कोसळला की लोक धावत येतात. आपल्यात टाळ्या पडतात. दोन दिवसांनी परीक्षण छापून आलं, त्यात त्या शेवटच्या चेहऱ्यावर एक सबंध परिच्छेद होता. कीर्ती, कीर्ती म्हणतात ती अशी वेळ साधून येते बघ. सगळ्यांत आधी कळलं ते तुला. तूच प्रवेश मोडून धावलास आणि त्यांना उचललंस. आणि तोच तू नंतर तोंड लपवून बसलास. वेड्या, दवाखान्यात त्यांचा डावा हात नुसता दाराकडे जायचा.

—अंहं. रडायचं नाही. डोळ्यांपाशी ओल गेली तर पापण्या भुसभुशीत येतील आणि मग आंधळा राजा उभा करावा लागेल तुम्हाला. श्वास घे. सावकाश. त्यांच्यासारखाच हळवा आहेस, आणि वर आव आणतोस. मी पण काय, उगाच बोलत सुटले. थांब, नखाने वाजवून बघते. —अजून बद आवाज येतोय. घट्ट झालं की मडक्यासारखा खणखणीत येतो.

दुपारचं कसं करायचं तेही ठरवायला हवं. व्यवस्थापक म्हणाले, सरकारांना तेवढं आणा वहिनी. तेवढं आणा म्हणे, पेटी आहे का ती. जिना हा असा अरुंद, मधल्या वळणावर सडपातळ माणूस अडकतो. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी उचलून वर नेलं, त्यानंतर आजतागायत ते खाली उतरलेलेच नाहीत. तेव्हा तू आणि तो दिवेवाला, दोघं तरी—

काय झालं? पंजा का वर केलास? भाजतंय? नळी बुजली? —नाही? मग काय?

हं.

ऐकतोयस म्हणजे. मला वाटलं, त्या पट्ट्यांखाली अर्धं ऐकू जात असेल, अर्धं नाही.

खाली कर तो पंजा. हो, उतरलेले नाहीत. रोज येतात म्हटलं ते खोटं. या खुर्चीत दुपारी मी बसते. त्यांना जेवू घालून, कूस बदलून द्यायची, डोळा लागला की मी खाली येते, ते कापड काढते आणि बसते. आणि आरसा—आरशाकडे पाहून ते काही मान फिरवत नाहीत. उलट, पहिल्यांदा दाखवला तेव्हा बराच वेळ बघत राहिले, मग उरलेल्या अर्ध्या तोंडाने वेडावून दाखवलं स्वतःला आणि हसले. नट तो नटच. नवीन चेहरा मिळाल्यावर काय काय करता येतं ते बघत होते. मी काढला आरसा. त्यात दोघं दिसायचो ना आम्ही—मागे मी पुसणं घेऊन उभी आणि पुढे कुणीतरी परका. आता ते डब्याच्या झाकणात बघून डाव्या हाताने दाढी करतात, आणि मी मदतीला गेले की रागावतात. ह्यांना सगळं ओळखू येतं रे. माझाच हात चुकतो. मी हातांनी चेहरे ओळखणारी बाई. अंधारात तुमच्या सगळ्या मंडळीला नाकाडोळ्यांवरून सांगेन. सकाळी ओल्या फडक्याने ह्यांचं तोंड पुसते ना, तेव्हा माझं बोट ओठाच्या कोपऱ्यापाशी जातं, जिथं तो आयुष्यभर होता तिथं, आणि तिथं तो नसतो. खाली कुठेतरी असतो. दर सकाळी. मग मी हात आखडून घेते आणि ते माझ्याकडे बघतात. त्यांना कळतं. बोलता येत असतं तर दोन शिव्या घालून मोकळे झाले असते, तेही नाही. एकच शब्द उरलाय—तालमीत कुणी अडखळलं की म्हणायचे तो, 'पुढे.' पाणी हवं असलं तरी पुढे, दिवा मालव म्हणायचं असलं तरी पुढे. मला हाकही तीच.

म्हणून दुपारी खाली येते. इथं तो कोपरा जागच्या जागी सापडतो.

बायकांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीत शेवट तिसराच होता. त्यात राजा चौकात ढकलला जातो तेव्हा राणी तिथं येते. आता मामंजींच्या नाटकात राणीला शेवटच्या अंकात एक वाक्य नाही, ते सोड. पण बायकांच्या गोष्टीत ती येते, पुतळ्याकडे एकदा बघते, म्हाताऱ्याकडे एकदा बघते, आणि म्हाताऱ्याचा हात धरून म्हणते, चला, घरी जाऊ, उन्हात उभे राहू नका. संपली गोष्ट. फोडणं नाही, वाकणं नाही. ते ऐकून मामंजी म्हणाले, यात नाट्य नाही. मी तेव्हा नवी नवरी होते, माझं लग्न झालं होतं अशा देखण्या माणसाशी की बायका रस्त्यात थांबून बघायच्या. मलाही वाटलं की खरंच, यात काय आहे, कुणीही करील हे. नाही करत कुणीही. इतक्या वर्षांनी सांगते, फार अवघड शेवट आहे तो. मी त्या चौकात आहे आणि अजून माझी मान पुतळ्याकडेच आहे.

आणि फोडायचं तर त्यांनाच आहे. तेही सांगून टाकते आता, एवढं सांगितलंच आहे तर. तू नवा राजा होणार हे मी सांगितलं त्या दिवसापासून त्यांनी पलंगाच्या उशाशी हातोडा मागून घेतलाय. डाव्या हाताने उगारतात, उशीवर आपटतात. कापूस उडतो घरभर. पहिल्यांदा मला वाटलं, संतापाने चाललंय. तसं नव्हतं. नेम बसला की माझ्याकडे बघून मान हलवायचे, जमतंय बघ, म्हणून. त्यांना काही धरून ठेवायचं नाहीये. ज्याने अर्धा जन्म कीर्तीच्या मागे लागलेला राजा केला, त्याच्या अंगाला तो राजा कुठे चिकटलेलाच नाही—मेकअपसारखा धुवून टाकलाय त्याने. चिकटलाय तो माझ्या हाताला.

बोट वर केलंस.

कशासाठी? हातोडा देणार नाहीस, असंच ना? माझ्यासाठी? —हो. समजलं मला.

खाली घे ते बोट. खाली घे म्हणते ना. मी विचारलं तेव्हा ते त्यांच्यासाठी म्हणून विचारलं होतं, आणि ते तर खरं नव्हतं. तू हातोडा देशील. सरळ डाव्या हातात दे, उजव्यात नको. आणि हात सोडून लगेच मागे सर, धरून ठेवू नकोस, त्यांना आवडायचं नाही. ठोका चुकला तर कुणी पुढे व्हायचं नाही. दुसरा मारतील. तिसरा मारतील. त्या छायाचित्रकाराला सांग की थोडा दम धर. आणि टाळ्या—टाळ्या नकोत. एवढी माझी अट मंडळीला सांगून ठेव.

वाजवून बघते. —ऐकलास? झाला घट्ट. आता आतल्या आत गाल फुगव. भुवया वर उडव, नाक मुरड, जमतील तेवढी वेडीवाकडी तोंडं कर, त्वचा सुटली पाहिजे. आणखी. मान पुढे घे, माझ्या हातांवर सोड वजन. हां—निघाला. डोळे उघडायची घाई करू नकोस, उजेड टोचेल. चांगला आलाय. नाक उत्तम आलंय, ओठाचा कोपरा जरासा थरथरलाय, पण तो मी साच्यातच सावरून घेईन. नाही, राहू दे. असाच राहू दे तो.

तिकडे बादलीत पाणी आहे, तोंड धू. कानामागचं व्हॅसलीन नीट पूस. माझ्याकडे असा बघू नकोस, बाबा, मला काही झालेलं नाही. धुतलंस? मग वर जा. दार नुसतं लोटलेलं आहे. ते कपडे करून बसले असतील. सकाळपासून एका हाताने बटणं लावताहेत, शेवटचं राहिलं असलं तर आपण होऊन लावायला जाऊ नकोस. तू दिसलास की त्यांचं तोंड वाकडं होईल, तर दचकू नकोस, ते हसणं आहे. पाया पडण्यात वेळ घालवू नकोस, जवळ बस आधी. मग दिवेवाल्याला हाक मार आणि दोघं मिळून खुर्चीसकट उचलून आणा. वळणावर त्यांची पाठ भिंतीकडे ठेवा, म्हणजे त्यांना खालचं सगळं दिसेल.

मी? मी येते. कापड काढून ठेवते तोवर, आणि थोडी धूळ बसलीय, ती पुसते.

नाही, माझी मी काढीन. तुझी मदत नकोय. जा म्हटलं ना. आणि जाताना दार ओढून घे.